वाण आणि यंत्र

दीपावलीच्या मंगल पर्वावर अंक वाचकांच्या हाती देताना प्रथेप्रमाणे अभीष्टचिंतन करावे आणि मोकळे व्हावे, हा संपादकाच्या कर्तव्याचा सोपा भाग झाला. परंतु ज्या मुलुखात दिवाळी येते तीच मुळी पऱ्हाटीच्या पहिल्या वेचणीबरोबर, आणि पूर्वेकडील बांध्यांत हलक्या धानाची कापणी चालू असताना, त्या मुलुखातील नियतकालिकाने राष्ट्राच्या स्वावलंबनाविषयी काही लिहावयाचे म्हटले, तर त्याची लेखणी शेताच्या धुऱ्यावर अडखळल्यावाचून राहत नाही.

एरवी स्वदेशी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे गिरणीचे धुराडे उभे राहते, आणि नागपुरापुरते ते रास्तही आहे. मुंबईच्या धनिकांना न रुचलेली वाट धरून जमशेटजी टाटांनी कापूस, कोळसा आणि बाजारपेठ ही तिन्ही जवळ पाहून आपली गिरणी येथे उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, ती सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. (देशी उद्योगाच्या या आरंभीच्या वास्तूस परक्या राणीची पदवी असावी, यात त्या पिढीला विसंगती दिसली नाही, आणि गिरणी बंद पडल्यावर तिच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलनेही तेच नाव चालवावे, यात आम्हालाही ती दिसत नाही.)

पण ज्या कापसाच्या भरवशावर हे सारे उभे राहिले, त्याची हकिकत धुराड्याइतकी दिमाखदार नाही. हिंगणघाटचा ‘बनी’ हा तलम धाग्याचा देशी वाण एकेकाळी विलायतेच्या बाजारात नावाजलेला होता. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, वखारी उघडल्या, आणि व्यापाऱ्याने भाव दिला तो तलमपणाला नव्हे, तर वजनाला. तेव्हा ज्या जाडसर वाणात रुईचा उतारा अधिक, तोच कास्तकाराने पेरला, आणि यात त्याचा काय अपराध? पुढे यंत्रांना लांब धागा हवा झाला, म्हणून अमेरिकन जातीचा कापूस आला. आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली ती आपल्याकडे संकरित बियाण्याच्या रूपात, म्हणजे घरची सरकी पुन्हा पेरण्याची सोयच राहिली नाही आणि दरसाल जूनमध्ये पाकीट विकत घेणे हा शिरस्ता झाला. आरंभी बोंडअळी हटली, उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो धुमाकूळ घातला, त्या वेळी आसपास दुसऱ्या वाणाचा कापूस जवळजवळ पेरलेलाच नव्हता. शेकडो वर्षे या काळ्या मातीत, पावसाच्या लहरीत मुरलेले देशी वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या संग्रहात जपलेले आहेत. शेतातून मात्र ते जवळजवळ उठले.

आमचे म्हणणे एवढेच, की दीडशे वर्षे आपण यंत्राच्या मापाने पीक बेतीत आलो. पिकाच्या मापाने यंत्र बेतण्याची तजवीज क्वचितच कोणी केली. वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहताना जे. सी. कुमारप्पा घाणी आणि जाते यांत जे फेरफार करीत बसले, त्याला पुष्कळ सुशिक्षितांनी हौस समजून हसण्यावारी नेले. वस्तुतः अर्थशास्त्राची अमेरिकन पदवी असलेला हा माणूस नेमका हाच उलटा प्रश्न सोडवीत होता.

बियाण्याच्या बाजूने तोच प्रश्न सोडविणारा माणूस आमच्या काळात चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी होऊन गेला. दादाजी खोब्रागडे यांची शेती तुटपुंजी, शिक्षण नाममात्र. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. पाहणारे पुष्कळ असतात. यांनी त्या वेगळ्या काढल्या, दाणे वेगळे राखले, पुढच्या हंगामी वेगळे पेरले, पुन्हा निवडले, आणि हा क्रम वर्षानुवर्षे न कंटाळता चालविला. निपजला तो बारीक दाण्याचा, चवदार, भरघोस उताऱ्याचा तांदूळ. त्याला बाजाराने नाव दिले ते त्या काळच्या लोकप्रिय देशी मनगटी घड्याळाचे, एचएमटी. आज या शहरातील कोणत्याही किराणा दुकानात ते नाव लिहिलेले पोते सापडेल. कृषी विद्यापीठाने दादाजींकडून बियाणे नेऊन, शुद्धीकरण करून, १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने ते प्रसारित केले. श्रेय कोणाचे यावर पुढे वाद झाला. शुद्धीकरण हे काम खरेच, पण ज्या डोळ्याने ती लोंबी प्रथम हेरली, त्याचा सरकारी दफ्तरात रकाना कोणता? २०१८ साली दादाजी गेले तेव्हा सत्कारांची प्रमाणपत्रे घरात पुष्कळ होती, पैका मात्र बेताचाच.

संत्र्याविषयी नागपूरच्या अंकाने लिहिलेच पाहिजे, म्हणून थोडक्यात. आमच्या संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवटतो. कारखानदार त्याला फळाचा दोष म्हणतो आणि दुसऱ्या जातीकडे पाहतो. सोलून लगेच खाण्यासाठी जन्मलेल्या फळाला बाटलीत न बसल्याचा दोष द्यावा, यापेक्षा कडवटपणा काढण्याच्या तंत्रावर पैसा घालावा, हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

जाडसर देशी पऱ्हाटीपुरती तर वाट समोरच आहे. तिचा आखूड, जाड धागा पाणी चटकन शोषतो. म्हणूनच रुग्णालयात जखमेवर ठेवावयाच्या कापसाला तो अव्वल ठरतो, आणि त्याला गिऱ्हाईक आहे. अडचण आहे ती आडतीत. तेथे हा माल वेगळा पारखला जात नाही, लांब धाग्याच्या गंजीतच पडतो आणि हलका म्हणून भाव तोडला जातो. बाजार समित्यांनी देशी कापसाची प्रतवारी आणि बोली स्वतंत्र ठेवावी, त्याची सरकी काढण्यासाठी जिनिंगमध्ये हंगामातले काही दिवस राखून ठेवावेत, आणि निर्जंतुक कापसाचा कारखाना हिंगणघाट किंवा यवतमाळच्या आसपास निघावा. येत्या हंगामापूर्वी एका समितीने जरी एवढे मनावर घेतले, तरी जूनमध्ये घरची सरकी पेरावयास काही कास्तकार तयार होतील.