गॅस्ट्रिक बायपास : शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, पथ्य आयुष्यभराचे

लठ्ठपणावर शस्त्रक्रियाही करता येते, ही माहिती आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा अनेक मराठी घरांत हा विषय बोलला गेला. मात्र त्या बोलण्यात भर असतो तो किती किलो वजन उतरले यावर. सांगोल्यातील एखाद्या कुटुंबापुढे हा पर्याय आला, तर शस्त्रक्रिया सोलापूर वा पुण्यासारख्या शहरात होईल आणि रुग्ण सामान्यतः दोन-तीन दिवसांत घरी परतेल. पुढची सर्व वर्षे मात्र सांगोल्यातच, घरच्या चुलीपाशी आणि घरच्या माणसांत काढायची असतात. शस्त्रक्रियेचे यश पुष्कळसे त्या वर्षांवर अवलंबून असते. म्हणून या वेळी त्यांचाच विचार करू.

पोटात नेमके काय बदलते?

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा वरचा लहानसा भाग उरलेल्या जठरापासून वेगळा केला जातो. या नव्या पिशवीत साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे एवढेच मावते. नंतर लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक या पिशवीला जोडतात. उरलेले जठर काढून टाकत नाहीत. ते जागेवरच राहते आणि त्यातील पाचकरस पुढे सुमारे एक ते दीड मीटर अंतरावर अन्नाला येऊन मिळतात. अन्न अशा रीतीने जठराचा मोठा भाग व आतड्याचा आरंभ टाळून जाते, म्हणून यास ‘बायपास’ म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वजनासाठी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. पुढे ती दुर्बिणीद्वारे, पोटावरील चार-सहा लहान छिद्रांतून होऊ लागली.

पिशवी लहान झाल्याने माणूस कमी जेवतो, हे खरे. परंतु ते अर्धेच उत्तर आहे. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके वाढतात आणि इन्सुलिनचे कार्य सुधारते. यामुळेच अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते. म्हणून मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा लगेच तपासून घ्यावी लागते. जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. काही रुग्णांत मधुमेह काही वर्षांनी परततो, हेही ध्यानात असावे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी?

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की ‘बीएमआय’ मिळतो. १६० सेंटिमीटर उंची आणि १०५ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय सुमारे ४१ येतो. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा उतरतो. म्हणजे ही व्यक्ती ७० ते ८० किलोच्या आसपास येईल. ती सडपातळ होईलच असे नाही, परंतु तिचे गुडघे, श्वास आणि झोप यांना मोठा दिलासा मिळेल.

भारतीयांसाठी ही मोजपट्टी थोडी निराळी धरावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. आपण बारीक दिसत असलो तरी आत चरबी अधिक बाळगतो, हा त्याचा अर्थ. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेची सर्वसाधारण मर्यादा ३५ ठेवली असली, तरी आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली आहे. भारतातील आरोग्यविम्याचा नियम मात्र वेगळा आहे. बीएमआय किमान ४०, अथवा ३५ व सोबत हृदयविकार, झोपेतील श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार, तसेच इतर उपाय करून पाहिलेले असणे, अशा अटी त्यात आहेत. डॉक्टरांनी सल्ला दिला म्हणजे विमा मिळेलच, असे धरून चालू नये.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनेही आता भारतात मिळतात आणि त्यांनी वजन लक्षणीय उतरते. ती थांबवल्यावर मात्र बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते. कोणता मार्ग आपल्यासाठी योग्य, हे तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे.

धोके झाकून ठेवू नयेत

अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया पित्ताशय काढण्याइतकी सुरक्षित मानली जाते. तरीही जोडणीतून गळती, रक्तस्राव आणि पायांत गाठ होऊन ती फुप्फुसात जाणे हे धोके असतात. पहिल्या काही आठवड्यांत नाडी सतत १२० च्या वर, ताप, पोटात वा खांद्यात तीव्र वेदना, दम लागणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. घरापासून रुग्णालय दोन-चार तासांच्या अंतरावर असेल, तर रात्री गाडी कोणाची व सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवून ठेवावे. पुढील वर्षांत पित्ताचे खडे, जोडणीवर व्रण किंवा आतड्याला पीळ पडणे संभवते. पोटात अचानक असह्य कळ आल्यास गावच्या डॉक्टरांनाही ‘बायपास झालेला आहे’ हे प्रथम सांगावे.

जोडणीवरील व्रणामागे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या ही दोन मोठी कारणे असतात. विडी-सिगारेट तर सोडावीच, मिश्री व तंबाखूही कायमची सोडावी. शेतातल्या कामाने अंग दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेणे हे या रुग्णासाठी आयुष्यभर वर्ज्य आहे. मद्य रक्तात फार वेगाने चढते, तेही टाळावे.

आपले ताट कसे असावे?

आरंभी पातळ, मग कुस्करलेले, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. सोलापुरी कडक भाकरी पुष्कळ महिने दूरच ठेवावी. मऊ भाकरी आमटीत वा ताकात नीट कुस्करून, घास पुष्कळ चावून खावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी व नंतर अर्धा तास अंतर ठेवावे. सांगोल्याच्या उन्हाळ्यात मात्र दिवसभर घोटघोट पाणी घेत राहणे अगत्याचे, कारण एकदम तांब्याभर पाणी आता पोटात मावणार नाही.

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम असतात. लहान ताटात एवढी प्रथिने बसवायची, तर आधी उसळ, पनीर, अंडे किंवा दही आणि शेवटी भाकरी-भात, असा उलटा क्रम लावावा लागतो. गोड पदार्थ व फळांचे रस यांनी धडधड, घाम, चक्कर व जुलाब होऊ शकतात. म्हणून घरच्या बागेतील डाळिंब असले तरी त्याचा रस नको. दाणे केव्हा सुरू करायचे, ते आहारतज्ज्ञांना विचारावे.

पंढरपूर जवळच असल्याने अनेक घरांत माळ आणि एकादशी आहे. माळकरी घरात मांस-अंडी नसतात, म्हणून बी-१२ ची उणीव अधिक लवकर जाणवते. उपवासाच्या दिवशी दिवसभर काही न घेता रात्री साबुदाण्याची खिचडी खाणे या रुग्णाला सोसणार नाही. ताक, दही, पनीर, राजगिरा असे थोडे-थोडे घेऊन उपवास पाळता येतो. निर्जळी मात्र करू नये.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन आयुष्यभर घ्यावे लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणाऱ्याला दोन-चार वर्षांनी पंडुरोग, पायांना मुंग्या किंवा हाडांचा ठिसूळपणा गाठतो. उलट्या थांबत नसतील तर बी-१ च्या अभावाने मेंदूलाही इजा होऊ शकते. अशा वेळी थांबू नये.

तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. वजन उतरताच गर्भ राहण्याची शक्यता वाढते आणि तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. नातवंडाची वाट पाहणाऱ्या सासू-सासऱ्यांनी हे समजून घेतले, तर सुनेवरचा भार हलका होईल.

निर्णय घराचा

लग्नघरी वा जत्रेत आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग आहे. या रुग्णाला एक घास अधिक झाला तरी छातीत कळ येते, उलटी होते. तेव्हा ‘तिला वाढू नका’ हे सांगण्याची जबाबदारी रुग्णावर न टाकता सोबतच्या माणसाने घ्यावी.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्यापूर्वी आपण घरात बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. गोळ्या व तपासण्यांचा दरमहाचा खर्च कोठून येईल? तपासणीसाठी शहरात सोबत कोण जाईल? स्वयंपाक करणारी व्यक्ती आहारतज्ज्ञांना भेटली आहे का? तंबाखू सुटली आहे का? उत्तरे नक्की असतील तर ही शस्त्रक्रिया आयुष्य बदलू शकते. ती नसतील, तर आधी उत्तरे तयार करावीत. शस्त्रक्रियेची तारीख त्यानंतर घ्यावी.