निवृत्ती आधी की ऋणमुक्ती आधी?

पेण आणि रोहे या दोन्ही गावांत जुनी कौलारू घरे एकामागून एक जाऊन त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ सदनिका कर्जाच्या पैशांवर घेतलेल्या आहेत. यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. आपले स्वतःचे घर असावे ही इच्छा गृहस्थाश्रमाच्या मुळाशीच आहे. परंतु हे कर्ज काढतेवेळी आमचा सुशिक्षित गृहस्थ सर्व कागदांवर सह्या करतो आणि एक साधी बेरीज मात्र करावयास विसरतो. बेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढले म्हणजे ते बासष्टाव्या वर्षी फिटणार. नोकरी तर अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटणार. मधल्या चार वर्षांचे हप्ते कोणी भरावयाचे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याने घर विकत घेतले असे न म्हणता आपले म्हातारपण गहाण टाकले असेच म्हणावे लागेल.

आकडे मांडून पाहू. वीस लाख रुपये, दरसाल दर शेकडा नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते ते अवघे तीन हजार. दहा वर्षे इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही चौदा लाखांवर मुद्दल शिल्लकच असते, आणि वीस वर्षांत एकंदर व्याज तेवीस लाखांवर जाते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एके वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा त्याचा अर्थ. हप्त्याहप्त्याने दिलेल्या व्याजास तो नियम लागत नाही, म्हणून ऋणकोने निदान स्वतःपुरता तरी तो लक्षात ठेवावा. वरील उदाहरणात अठ्ठावन्नाव्या वर्षी, निरोपसमारंभाचा हार गळ्यात असतानाच, सव्वासात लाखांचे देणे बाकी असते. उलट, त्याच गृहस्थाने दरवर्षी एक हप्ता जादा भरला असता तर त्या दिवशी बाकी एक लाख दहा हजारांच्या आसपास उरली असती, आणि सगळ्या व्याजात साडेचार लाखांहून अधिक रुपये वाचले असते. दिवाळीचा बोनस आला की तो कोठे जावा, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाकडे पाहावे. धाटावच्या कारखान्यांत तीस वर्षे राबलेल्या कामगारास भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली काय मिळते? त्या योजनेतील वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी पंधरा हजार ठरली. त्या मर्यादेत राहून वर्गणी भरणाऱ्याचे सेवेची वर्षे आणि सत्तर हा भाजक यांचे गणित केले, तर मासिक निवृत्तिवेतन सात हजारांच्या आतच बसते. सात हजारांत अठरा हजारांचा हप्ता भरावयाचा ही विद्या कोणत्या पाठशाळेत शिकवितात, हे आम्हांस ठाऊक नाही.

यावर कित्येकांचे म्हणणे असे पडते की, निवृत्तीच्या वेळी निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती येते. ती बँकेत ठेवावी आणि तिच्या व्याजातून हप्ते भरावे. हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो, पण तो कसास लागत नाही. ठेवीचे व्याज कर्जाच्या व्याजाहून सामान्यतः कमीच असावयाचे, कारण त्या फरकावरच बँकेचा संसार चालतो. आणि दुसरे उत्तर तर पेणकरांस आम्ही सांगावयास नकोच. पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकून पडले. २०१४ साली तिचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. ज्यांचे पैसे अडकले त्यांत जन्मभर काटकसर केलेली मंडळी होती. त्यांचा अपराध एवढाच की आयुष्याची पुंजी त्यांनी एकाच ठिकाणी ठेवली. पुढे २०२१ साली पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचाही परवाना गेला. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे नाते रोह्याशी. ज्या जिल्ह्याने देशास असा अर्थवेत्ता दिला, त्याच जिल्ह्यातील ठेवीदारांवर हा प्रसंग यावा, याहून खेदाची गोष्ट कोणती?

येथे कायद्यातील एक भेद वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. तुम्ही बँकेत ठेव ठेवता तेव्हा तुम्ही धनको असता, पण तुमच्या हाती असते ती केवळ एक पावती. बँक तुम्हांस कर्ज देते तेव्हा ती धनको असते आणि तिच्या हाती असतात तुमच्या घराची मूळ कागदपत्रे. बँक अडचणीत आली तर तुमची ठेव थांबते. तुमचे कर्ज मात्र थांबत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, फेडलेले कर्ज हीच ज्येष्ठ माणसाची सर्वांत सुरक्षित ठेव होय. ती कोणाच्या अफरातफरीने बुडत नाही, आणि तिचे व्याज दर महिन्यास न भरावयाच्या हप्त्याच्या रूपाने आपोआप हाती येते.

याचा अर्थ शेवटचा रुपयाही कर्जात ओतून रिकाम्या हाताने घरी बसावे असा मुळीच नाही. आजार वेळ पाहून येत नाही. निदान एका वर्षाचा घरखर्च हाताशी असलाच पाहिजे. उरलेली रक्कम एकाच संस्थेत कोंडू नये. बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण पूर्वी एक लाखापर्यंतच होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचे झाले. ते एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज अशा एकत्रित रकमेस आहे, हे विसरू नये. सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, आणि पंचावन्न वर्षे पुरी करून साठीच्या आत निवृत्त झालेल्यासही निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत त्या योजनेचे दार उघडे आहे.

तथापि कर्ज फेडावयाचे ते शिलकेतून, आणि शिल्लक दिसते ती हिशेबातून. दादाभाई नौरोजींनी परक्या सत्तेपुढे नुसते गाऱ्हाणे मांडले नाही. देशाचा पैसा किती व कोठून जातो याचे आकडेच मांडले. जो समाज साम्राज्याच्या जमाखर्चाचा जाब विचारावयास शिकला, त्याने स्वतःच्या घराचा रोजमेळ लिहिण्यास लाजावे काय? निवृत्तीस पाच वर्षे उरली की घरातील सर्व मोठ्या माणसांनी एकत्र बसून अंदाजपत्रक करावे, आणि निवृत्तीपूर्वी निदान सहा महिने भावी निवृत्तिवेतनाएवढ्याच रकमेत घर चालवून पाहावे. हे 'सर्व मोठ्या माणसांनी' आम्ही मुद्दाम लिहितो. कर्जाच्या कागदावर पत्नीची सही घेतली जाते, पण बाकी किती ती तिला सांगितली जात नाही. आणि नवऱ्याच्या पश्चात बँकेची नोटीस हाती पडते तेव्हाच तिला ते कळते. ही रूढी आता मोडलीच पाहिजे. तशीच दुसरी रूढी लग्नखर्चाची. निवृत्तीच्या आदल्या एक-दोन वर्षांत मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नात, लोक काय म्हणतील या भयाने, पाच-सात लाख उडविणारा बाप ज्या लोकांच्या मुखाकडे पाहतो, त्यांपैकी एकही त्याचा हप्ता भरावयास येत नाही.

व्यापारी वाचकांस वाटेल की, आम्हांस निवृत्ती नाही, तेव्हा हा उपदेश नोकरदारांसाठी. तसे नाही. राहते घर तारण ठेवून घेतलेले कॅश क्रेडिट वर्षानुवर्षे नूतनीकरण होत राहते, मुद्दल जागचे हलत नाही. पेणच्या मूर्तिकारांचे वर्षाचे उत्पन्न तर बहुतांशी गणेशोत्सवाच्या आधीच्या थोड्या महिन्यांत येते, आणि कच्च्या मालाचा खर्च मात्र कितीतरी आधीपासून सुरू होतो. दुकानदारास मालक निवृत्त करीत नाही, पण गुडघे आणि डोळे करतात. त्यानेही साठीची तारीख वहीत घालावी आणि दर हंगामाच्या नफ्यातील ठरलेला हिस्सा प्रथम मुद्दलात भरावा.

सावकारी पाशाविरुद्ध १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आज रोखे जाळण्याचे कारण नाही. कायदा पुष्कळसा ऋणकोच्या बाजूस आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड घेऊ नये असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांस बजावले. व्याजदर वाढला असता परस्पर मुदत लांबवू नये, हप्ता वाढवावा की मुदत, हे ऋणकोस विचारावे, असे तिने २०२३ च्या ऑगस्टात सांगितले. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत न केल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाईचा नियमही १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आमच्या गावांतील बँकांनी आणखी एक गोष्ट आपण होऊन करावी: प्रत्येक ऋणकोस वर्षातून एकदा स्वच्छ मराठीत कळवावे की, तुमचे कर्ज अमुक तारखेस फिटेल आणि त्या दिवशी तुमचे वय इतके असेल.

परंतु कायदा कितीही चांगला असला तरी तो कोणाच्या घरी येऊन हिशेब लिहीत नाही. वाचकांनी आज रात्रीच कर्जाचा उतारा काढावा, शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी आणि तिच्यासमोर आपल्या निवृत्तीची तारीख लिहावी. पहिली तारीख आधी असेल तर निश्चिंत झोपावे. दुसरी आधी असेल, तर उद्या सकाळी बँकेत जाऊन अधिक किती भरता येईल ते विचारावे. देशाचे स्वातंत्र्य पूर्वजांनी मिळवून दिले. घराचे स्वातंत्र्य मात्र ज्याचे त्यानेच मिळवावयाचे आहे.