‘प्रिंट काढून आणा’ला आता नाही म्हणा



अर्ज ऑनलाइन भरला, पैसे ऑनलाइन गेले, मोबाइलवर अर्जाचा क्रमांकही आला. तरी खिडकीवर ऐकू येतंच, “याची प्रिंट काढून आणा, आधारच्या दोन झेरॉक्स लावा.” छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य कोणाला पाठ नाही?

वडील गेल्यावर घर आईच्या नावावर करण्यासाठी मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. जे संगणकावर चढवलं होतं, तेच पुन्हा छापून दिलं. कारकुनाने दाभणाने भोक पाडलं, दोरा ओवला, नस्ती तयार झाली. पुढच्या खेपेला बारनिशीत नोंद होती, कपाटात नस्ती नव्हती. आई बाकावर पिशवी धरून बसलेली. संगणकावर मात्र पान न् पान जागेवर होतं.

कागद जपला जातो, हा भ्रम आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा राज्याच्या असंख्य फायली काही तासांत राख झाल्या.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सही त्याने मान्य केली. डिजिलॉकरमधून मिळालेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा, हा केंद्राचा नियम २०१७ पासून आहे. सातबाऱ्यावर तर २०१८ पासून डिजिटल सही येते. पैठण-गंगापूरचा शेतकरी तलाठ्याची वाट न पाहता उतारा काढतो. मग शहरातल्या खिडकीवरच झेरॉक्स का?

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या हातकागद बनतो. एका तावामागचे कष्ट ज्या मुलखाने पाहिले, त्याने तरी पाठकोरे गठ्ठे रद्दीत घालू नयेत.

म्हणून कळकळीची विनंती. मालमत्ता कर ऑनलाइन भरा, पावती मोबाइलवरच ठेवा. जन्म-मृत्यूचा दाखला डिजिटल मिळत असेल तर छापील प्रत मागू नका. आणि प्रिंट मागितली तर भांडू नका; कोणत्या नियमाने मागता, ते लेखी द्या, एवढंच शांतपणे म्हणा. रोज दहा जणांनी हे विचारलं तर वरिष्ठांना उत्तर शोधावंच लागेल.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी कागदाची खिडकी उघडीच राहिली पाहिजे. यात तडजोड नको. शेजारच्या आजींचा अर्ज तुमच्या मोबाइलवरून भरून द्या.

घाई का? जवळपास सहा वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेत ११५ नगरसेवक निवडून आले. सवयी पहिल्या वर्षातच पडतात. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला याच आठवड्यात गाठा. सभेची विषयपत्रिका मोबाइलवर घ्या आणि ऑनलाइन अर्जाला प्रिंट मागायची नाही, असा ठराव सभागृहात मांडा, हे त्यांना सांगा.