‘ब्रेक अप’ आणि ‘ब्रेक अवे’

इंग्रजीच्या तासाला ‘ब्रेक अप’ हा शब्दप्रयोग आला की वर्गात हसू पसरते. चित्रपटांनी आणि मोबाईलने प्रेमसंबंध तुटणे हा त्याचा एकच अर्थ मुलांच्या मनात पक्का केला आहे. वास्तविक ब्रिटिश इंग्रजीत सत्र संपून शाळेला सुट्टी लागणे म्हणजेही ‘ब्रेक अप’च. सभा संपून लोक पांगणे, पोलिसांनी जमाव पांगवणे, फोनवरचा आवाज तुटक येणे, वस्तूचे तुकडे होणे, या साऱ्यांना तो चालतो. ‘अप’च्या जागी ‘अवे’ आले की मात्र अर्थ पालटतो. ‘ब्रेक अवे’ म्हणजे बंधन तोडून स्वतःहून बाहेर पडणे. मराठीत एक फुटणे, तर दुसरे फारकत घेणे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपले किल्लारी उद्ध्वस्त झाले आणि वाचलेल्यांना गावाची जागाही सोडावी लागली. ते फुटणे कोणी निवडले नव्हते. बाबासाहेबांनी मात्र १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह तो पूर्ण केला. एकवीस वर्षे विचार करून घेतलेली ती फारकत होती. तिला समाज फोडणे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, गावकुसाबाहेर वस्ती कोणी ठेवली? ज्याला आधीच वेगळे पाडले, त्याचे बाहेर पडणे फोडणे कसे ठरेल? इतिहास शिकवताना क्रियापदापाशी कर्ता शोधावाच लागतो.

त्याच तराजूत आपणही स्वतःला तोलले पाहिजे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे गटांवर गट पडले. त्याला फारकत म्हणता येणार नाही. ते फुटणेच होय.

निवासी शाळेतही सत्र संपले की मुले पांगतात, ती पुन्हा एकत्र येण्यासाठी. परंतु दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांच्यामागे काही मुले फडावर जातात आणि परत येत नाहीत. कुठे मुलीचे लग्न उरकले जाते. तेथे सुट्टीचा ‘ब्रेक अप’ शिक्षण तुटण्याचा होतो. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील अशा एकेका मुलाला सुट्टीनंतर शाळेच्या दारापर्यंत आणून सोडावे आणि पालकांनी त्यास साथ द्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. दारिद्र्यापासून फारकत घेण्याचा मार्ग याच दारातून जातो.