पाईपमध्ये काय आहे, ते मुलांना सांगू नका

तुमचं बालपण नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गेलं असेल, तर टीव्हीला वायर जोडून खेळायचा तो ‘व्हिडिओ गेम’ तुम्हाला नक्की आठवत असेल. कॅसेटवर छापलेलं असायचं की आत शेकडो गेम आहेत. प्रत्यक्षात तेच पाच-दहा फिरून फिरून यायचे, पण त्यात मारिओ असला की बस्स! यंत्र बहुधा निन्टेंडोची नक्कल असायचं. त्यासोबत कामाची माहितीपुस्तिका असल्याचं मला तरी आठवत नाही. तरीही आपण सगळे खेळायला शिकलो. कोणी शिकवलं?

माझं म्हणणं असं, की आपल्याला त्या लेव्हलनंच शिकवलं. आणि आपल्या मुलांच्या हाती आज तोच गेम देताना आपण नेमकं हे शिकणंच काढून घेतोय. मूल खेळायला बसतं, शेजारी टॅबलेटवर ‘सगळी गुपितं’ दाखवणारा व्हिडिओ चालू असतो. व्हिडिओ नसला तर आपण असतोच: “अरे, त्या चौथ्या पाईपवर उभा राहा आणि खालचं बटण दाब!” हे मीही केलंय, म्हणूनच लिहितोय.

आधी गेमकडे नीट पाहू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली जपानमध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. आठ जगं, प्रत्येकात चार, म्हणजे एकूण ३२ लेव्हल्स, आणि हे सगळं अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट मोठा असतो. जागा इतकी कमी, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. अशा ठिकाणी लांबलचक सूचना लिहीत बसणं परवडणारं नव्हतं. जे शिकवायचं, ते जागेच्या रचनेतूनच शिकवायचं.

आता पहिली लेव्हल आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळं रान, म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून गूम्बा चालत येतो. आदळलात तर मेलात, पण तुम्ही अगदी सुरुवातीलाच आहात, नुकसान काही सेकंदांचं. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो. नवख्याला तोही शत्रूच वाटतो. तो उजवीकडे सरकतो, पाईपवर आपटतो आणि परत तुमच्याकडेच येतो. घाबरून उडी मारलीत, तर डोक्यावरच्या विटांना धडकून बहुधा त्याच्यावरच पडता आणि मोठे होता. गैरसमज जागच्या जागी दूर! पुढे समोरासमोर दोन जिने येतात, मधे साधी जमीन. लगेच पुन्हा तसेच जिने, पण आता मधे खड्डा. आधी बिनधोक सराव, मग परीक्षा.

गुपितांची मांडणीही अशीच आहे. पहिल्या खड्ड्याच्या जरा अलीकडे हवेत एक अदृश्य ठोकळा आहे. त्याला कसलीही खूण नाही, पण उड्या मारत जाणाऱ्याचं डोकं कधीतरी त्यावर आपटतं आणि एक जीव जास्तीचा मिळतो. खरं बक्षीस तो जीव नव्हे. खरं बक्षीस म्हणजे ‘रिकामी दिसणारी जागा रिकामी असेलच असं नाही’ ही शंका. दुसऱ्या लेव्हलच्या सुरुवातीला मारिओ स्वतःच चालत एका पाईपमध्ये शिरतो. म्हणजे पाईप हे दार असू शकतं. पुढे त्याच लेव्हलमध्ये डोक्यावर विटांचं छत आहे. विटांवर उभं राहता येतं हे तुम्हाला आता माहीत आहे. मग छतावर? तिथे चढून पळत राहिलात, की थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात नेणारे पाईप सापडतात. ठाऊक असलेला नियम, नवी जागा, ‘असं केलं तर?’ हा प्रश्न आणि करून पाहणं. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण याहून वेगळं काय शिकवू पाहतो?

‘पण सांगितलं तर बिघडलं कुठे?’ असं तुम्ही विचाराल. २०११ साली ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर एक अनोळखी खेळणं ठेवलं. त्यात चार गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसानं ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून त्यातली एक गंमत शिकवली. काहींसमोर तीच गंमत चुकून घडल्यासारखी दाखवली. ज्यांना रीतसर शिकवलं, ती मुलं खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि उरलेल्या गमती त्यांना कमी सापडल्या. यात मुलांचा आळस नाही, तर्क आहे: जाणत्या माणसानं एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आणखी काही नसणार. मात्र शिकवणारी व्यक्ती मधेच काम आठवून उठून गेली, तेव्हा मुलांनी पुन्हा शोधाशोध केली. म्हणजे अर्धवट सांगणं चालतं. ‘झालं, एवढंच’ असा भास मारक ठरतो.

याचा अर्थ मुलाला वाऱ्यावर सोडा असा नाही. मियामोतो-तेझुकांनी खेळाडूला वाऱ्यावर सोडलेलं नाही, उलट पावलोपावली त्याच्यासाठी जागा रचली आहे. आपलं कामही तेच. मूल अडलं तर उत्तर देण्याऐवजी विचारा, “याआधी विटांवर काय काय करता आलं होतं?” रडकुंडीला आलं असेल तर एक खूण दाखवा, आणि मग खरंच उठून चहा टाकायला जा.

याच दुसऱ्या लेव्हलमधली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. शेवटच्या पाईपजवळच्या भिंतीतून एका विशिष्ट पद्धतीनं आरपार घुसता येतं. तसं घुसून छताखालच्या वाटेनं त्या गुप्त पाईपांशी पोचलात, तर ते कुठे न्यायचे हे ठरवणारे आकडे अजून बदललेले नसतात. ‘रिकामी जागा’ दाखवण्यासाठी वापरलेला ३६ हा कोडच गेम जगाचा क्रमांक म्हणून वाचतो. पडद्यावर ३६ च्या जागी काहीच उमटत नाही, उरतं फक्त ‘वर्ल्ड -१’. आत पाण्याखालची, कधीच न संपणारी लेव्हल. हे गुपित कोणी रचलेलं नव्हतं. ती चूक होती, आणि ती सापडली भिंतींना धडका देत बसलेल्या खेळाडूंना.

सांगितलेली गुपितं मुलाला सांगणाऱ्यापर्यंतच नेतात. त्याच्या पुढे जायचं, तर भिंतीला धडका द्यायची सवय लागते. तेव्हा येत्या शनिवारी मूल त्या चौथ्या पाईपवर उभं राहील, तेव्हा जीभ चावा. ते खाली गेलं, की तुम्हीच विचारा, “अरे, हे कसं काय सापडलं तुला?”