पारा, कोळसा आणि ‘परवडत नाही’चा युक्तिवाद

१/ ‘प्रदूषणाचे नियम पाळले तर वीज महागेल, उद्योग बुडेल.’ हा युक्तिवाद नवा नाही. इतिहासात त्याची एकदा पुरेपूर परीक्षा झाली आहे. स्थळ अमेरिका, विषय पारा. #धागा

२/ कोळशात पारा अत्यल्प असतो. पण मोठे वीजकेंद्र रोज हजारो टन कोळसा जाळते. भट्टीत पाऱ्याची वाफ होते, धुराड्यातून बाहेर पडते आणि पावसाबरोबर तळ्यांत उतरते. तेथे जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान माशातून मोठ्या माशात साठत तो अखेर गर्भवतीच्या ताटात आणि तेथून गर्भाच्या मेंदूत पोहोचतो.

३/ हे विष काय करते, ते जपानच्या मिनामाताने १९५६ पासून जगाला दाखवले होते. तेथे पारा रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला होता, प्रमाणही प्रचंड होते. पण विष तेच. तरीही अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये इतर कारखान्यांना नियम लावले आणि वीजकेंद्रांपुरता आधी अभ्यास मागितला.

४/ अभ्यास झाला. डिसेंबर २००० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) नियंत्रण आवश्यक ठरवले. २००५ मध्ये तिनेच भूमिका फिरवून पारा सोडण्याच्या परवान्यांचा बाजार मांडला. २००८ मध्ये न्यायालयाने तो मोडला. खरे मानक आले डिसेंबर २०११ मध्ये. २१ वर्षे! तोवर एक पिढी जन्मून सज्ञान झाली.

५/ तंत्र ठाऊक नव्हते काय? होते. सक्रिय कार्बनची भुकटी धुरात फवारली की पारा तिला चिकटतो आणि गाळणीत अडकतो. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांत ही पद्धत १९९० च्या दशकातच रुळली होती.

६/ मग विरोधकांनी ईपीएचेच आकडे पुढे केले: खर्च वर्षाला ९.६ अब्ज डॉलर, पारा घटल्याचा लाभ ४० ते ६० लाख. पण त्या लाभात मोजले काय होते? गोड्या पाण्यातले मासे स्वतः पकडून खाणाऱ्या कुटुंबांतील बालकांच्या बुद्ध्यंकाची हानी, एवढेच. धूलिकण घटल्याने वाचणारे हजारो जीवही ‘आनुषंगिक’ म्हणून बाजूला सारले गेले. मोजता न आलेली हानी शून्य धरणे हा हिशोब नव्हे, हातचलाखी आहे.

७/ जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की ईपीएने खर्चाचा विचार आधीच करायला हवा होता. नियम मात्र लागू राहिला. बहुतेक केंद्रांनी तोवर पूर्तता केली होती. २०१७ पर्यंत वीजकेंद्रांचा पारा २०१० च्या तुलनेत ८६ टक्क्यांनी घटला. त्यात स्वस्त वायूपुढे बंद पडलेल्या केंद्रांचाही वाटा आहे. पण देश अंधारात बुडाला नाही.

८/ जुलै २०१८ मध्ये तर वीज उद्योगाच्या संघटनांनीच पत्र लिहून ‘नियम कायम ठेवा’ अशी मागणी केली. पूर्ततेचा एकूण खर्च त्यांनी सांगितला १८ अब्ज डॉलरहून अधिक. भाकीत होते दरवर्षी ९.६ अब्जांचे!

९/ भारताने डिसेंबर २०१५ मध्ये पाऱ्याची मर्यादा ठरवली: घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम. त्याच अधिसूचनेतील गंधकाच्या मुदती मात्र पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक धुणाऱ्या यंत्रांतून सूट मिळाली. ही यंत्रे पाऱ्याचाही काही अंश अडवतात. चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांखाली हा प्रश्न परका नाही.

१०/ म्हणून ‘परवडत नाही’ हे शब्द ऐकू आले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकच विचारावे: या हिशोबात कोणाचे मूल मोजलेले नाही?