पडद्यावरच्या प्राध्यापकाला रोस्टर नसते

विद्यापीठाच्या वर्गात संगणक आला, पडदा आला, इंटरनेटवरून व्याख्याने आली. याला आंबेडकरी समाजाने विरोध करण्याचे काहीच कारण नाही. गडचिरोलीच्या वसतिगृहातील मुलीला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान फुकट ऐकायला मिळत असेल तर त्यात वाईट काय? सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ पासून हेच काम करीत आहे. प्रश्न एवढाच आहे की, ही व्याख्याने प्राध्यापकाच्या मदतीला येतात की प्राध्यापकाच्या जागी?

‘स्वयम्’साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली नियमावली केली. एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याने ऑनलाइन पूर्ण करावेत, अशी सोय त्यात होती. २०२१ च्या नियमावलीने ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. वकील माणूस, म्हणून मी २०१६ ची नियमावली ओळीओळीने वाचली आणि एका ठिकाणी थबकलो. असे विषय केव्हा घेता येतील याची कारणे तेथे दिली आहेत. अध्यापनाला पूरक म्हणून घेता येतील, हे ठीकच आहे. पण आणखी एक कारण आहे: विभागात तो विषय शिकविण्यास योग्य अध्यापक उपलब्ध नसणे.

हे शब्द आपल्या ओळखीचे नाहीत काय? नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले आपले तरुण मुलाखतीला जातात आणि राखीव जागेपुढे निवड समिती ‘नॉट फाउंड सुटेबल’ असा शेरा मारून मोकळी होते. पूर्वी जागा रिकामी राहिली की वर्ग अडायचा, विद्यार्थी ओरडायचे, कुलगुरूंना घेराव पडायचा. आता पडदा लावला की तासिका झाली. मग ती जागा भरण्याची घाई कोणाला?

पद मंजूर असते तेव्हा त्याला आरक्षण असते, रोस्टर असते, डावलले तर कोर्टात दाद मागता येते. मुद्रित व्याख्यानाला रोस्टर नसते. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरला तेव्हा राखीव जागा कशा आटल्या, हे वाचकांना आठवत असेल. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद करावा लागला, तेव्हा कुठे अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा झाला. पण तो कायदा भरतीला लागू होतो. भरतीच केली नाही तर तो लागू कशाला होणार?

विद्यापीठाने शिकवावे की नुसत्या परीक्षा घ्याव्यात, हा वाद शंभर वर्षांचा आहे. सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे १९२४-२५ च्या सुमारास बाबासाहेबांनी लेखी म्हणणे मांडले. परीक्षा घेणे म्हणजे शिक्षण देणे नव्हे, विद्यापीठाने अध्यापन स्वतः हाती घ्यावे, हा त्याचा रोख होता. आज आपण उलट्या दिशेने निघालो आहोत.

२००४ साली ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला तेव्हाही खेड्यापाड्यांत शिक्षण पोहोचणार म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. एका महाविद्यालयाच्या गच्चीवर त्या काळातली तबकडी मी अनेक वर्षे पाहिली. तिच्यावर कावळे बसत आणि खाली अर्थशास्त्राचा सगळा विभाग तासिका तत्त्वावरील एका माणसाच्या जिवावर चाले. पण मुलांना तोच हवा असे, कारण तो त्यांच्या चुका दुरुस्त करी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देई, घरी शेतीची कामे निघाली म्हणून कोणी यायचा थांबला तर निरोप पाठवी. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला हे कोणती चित्रफीत देणार? शिवाय ती चित्रफीत बहुधा इंग्रजीत! आणि पाहायची कशावर? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४ टक्क्यांकडे संगणक होता. त्यानंतर मोबाईल घरोघर आले खरे, पण घरातल्या एका मोबाईलवर तीन भावंडे काय शिकणार, हे २०२० च्या टाळेबंदीत आपण पाहिले.

तरीही ही नियमावली आपल्या उपयोगाची आहे, कारण तिने संस्थेवर बंधनेही घातली आहेत. ऑनलाइन विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी संस्थेने समन्वयक नेमला पाहिजे. संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा या सोयी विनामूल्य आणि पुरेशा दिल्या पाहिजेत. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर सांगितले आहे. तेव्हा विद्यार्थी कार्यकर्त्यांनी आपापल्या विद्यापीठात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. कोणते विषय ऑनलाइन दिले? त्या विभागांत मंजूर पदे किती, रिक्त किती, त्यांतली राखीव किती? समन्वयक कोण आणि संगणक किती? अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.